दोन दारांची गाडी

गाडीला दोनच दारं आहेत हे घरात उमगायला अर्धा दिवस गेला. दप्तरकाकांच्या आईने आधी उजव्या बाजूने एक फेरी मारली, मग डाव्या बाजूने मारली, आणि शेवटी गाडीच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

“मागचं दार कुठंय रे?”

“हिला मागे दार नसतं, आई.”

“मग मागचं माणूस चढतं कुठून?”

“पुढची सीट अशी वाकवायची,” काकांनी वाकवून दाखवली, “आणि इथून आत शिरायचं.”

आईने चष्मा सारखा करून आत डोकावलं. मागे सीट होती, नाही असं नाही. पण ती ज्या कुणी बेतली होती त्याच्या डोळ्यांसमोर माणूस नसून भाजीची पिशवी असावी, आणि तीही अर्धी भरलेली. आई सरळ उभी राहिली.

“म्हणजे मला न्यायचंच नाही कुठे. सरळ सांगायचं की तसं.”

घरात माणसं तीन: काका, काकू आणि आई. गाडीत माणसं मावणार दोन. काकांनी हे गणित गाडी घेण्याआधी केलं नव्हतं असं नाही, पण उत्तर आल्यावर त्यांनी पाटी पालथी घातली होती. काकू ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या राहिल्या, बराच वेळ गाडीकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी खिडकी लावून घेतली. काकांनी त्याचा अर्थ ‘नापसंत’ असा लावला आणि मनातल्या मनात तशी नोंद करून टाकली.

नोंद करणं हा त्यांचा धंदाच. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तळमजल्यावर दप्तरखाना होता आणि त्यात काका एकोणतीस वर्षं होते. एवढ्या वर्षांत त्यांनी एक कागद हरवू दिला नव्हता. कुणी एका पाइपलाइनचा पंधरा वर्षांपूर्वीचा पत्रव्यवहार मागावा, आणि काकांनी शिडीवर चढून, न शोधता, हात घालून तो काढून द्यावा. सोसायटीतली पोरं त्यांना दप्तरकाका म्हणत, आणि हे त्यांना आवडत नसलं तरी खोटं नव्हतं.

गेलं वर्षभर मात्र त्यांना एका जागी बसवत नव्हतं. जेवता जेवता उठायचे आणि गॅलरीत जाऊन यायचे. पेपर उघडायचा, तिसऱ्या पानावर मिटायचा, परत उघडायचा. टीव्हीचे सगळे चॅनल एकदा पुढून आणि एकदा मागून बघून झाले की चपला घालून फाटकापर्यंत जायचं आणि तिथे काही काम नाही हे पाहून परत यायचं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली, आणि सगळं नॉर्मल आहे म्हणाले. तेव्हापासून तर काका जास्तच अस्वस्थ झाले. काहीतरी सापडलं असतं तर निदान त्याची फाइल उघडता आली असती.

अशातच एकदा दाढ दुखायला लागली म्हणून ते दाताच्या डॉक्टरांकडे गेले, आणि दवाखान्यामागच्या शेडमध्ये चादरीखाली ती दिसली. गाडी तीस वर्षांची, थेट जपानहून आलेली. निळी, बुटकी, लांब नाकाची. दिवे नाकात मिटून घेतलेले. बटण दाबलं की वर उघडायचे. डॉक्टरांना ती विकायचीच होती. काका दाढ काढून घ्यायला गेले होते ते दाढ तशीच ठेवून गाडी घेऊन आले. पैसे कुठून आणले हा विषय आपल्याला नको. तो घरात पुरेसा झालेला आहे.

त्यांना हवं होतं ते अगदी थोडं. गावाबाहेर जो मोठा चौपदरी रस्ता आहे त्यावर, एकदा, गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकायची. कुठे जायचं नाही, कुणाला आणायचं नाही, कुणाला सोडायचं नाही. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांनी विनाकारण असा प्रवास एकदाही केला नव्हता.

पण गाडी टो करून आणली त्याच आठवड्यात वाहन कार्यालयाचं पत्र आलं. पंचवीस वर्षांवरील वाहनांनी पुढील महिन्याच्या अखेरपर्यंत तपासणी करून घ्यावी. तोवर वाहन दुरुस्तीखेरीज रस्त्यावर आणू नये. मुदतीत न आल्यास नोंदणी रद्द होऊन वाहन भंगारात जमा केलं जाईल. मुदतवाढ मिळणार नाही. ‘जमा’ हा शब्द काकांनी स्वतः हजारो कागदांवर शिक्क्याने उठवला होता, पण तो एवढा वाईट असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, खाली जाऊन गाडीच्या टपावर हात ठेवला, आणि तिथेच उभे राहिले.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त विमा एजंट सकाळी खाली उतरले ते थेट गाडीपाशी.

“स्पष्ट बोलू का?” विमा एजंट म्हणाले. हे विचारून ते नेहमी बोलतच. “या वयात माणसाने गुडघ्यांसाठी काहीतरी घ्यावं. तुम्ही यात बसणार कसे ते सोडा, उठणार कसे?”

काकांनी बसून दाखवलं. बसणं झकास झालं. उठताना मात्र त्यांना आधी एक पाय बाहेर काढून, मग दाराला धरून, मग थोडा विचार करून उठावं लागलं, आणि विमा एजंटांनी ते सगळं शांतपणे पाहून घेतलं.

मग सोसायटीचे सेक्रेटरी टेप घेऊन आले. गाडीची लांबी मोजली, उंची मोजली, आणि वहीत बघून मान हलवली. “आपल्या नियमात ‘कौटुंबिक वाहन’ असा शब्द आहे. हे कौटुंबिक वाटत नाही.”

“का? मला कुटुंब आहे की!”

“तुम्हाला आहे हो. गाडीला नाही. कुटुंब बसणार कुठे?”

“अगदी बरोबर,” गॅलरीतून आईचा आवाज आला.

यावर सेक्रेटरींनी लेखी खुलासा मागितला आणि काकांनी तो दोन प्रतींत दिला. खुलासे देणं त्यांना जमत असे.

जमत नव्हतं ते गाडीला. किल्ली फिरवली की आत एक बाई बोलायची. मंजूळ आवाजात, अतिशय अदबीने, एक वाक्य जपानी भाषेत. पहिल्यांदा ती बोलली तेव्हा काका दचकून बाहेर आले होते. नंतर त्यांनी ठरवलं की ती ‘आपलं स्वागत आहे’ म्हणत असणार, आणि तेही मान झुकवून “नमस्कार” म्हणू लागले. आईची तर तिच्याशी गट्टीच जमली. मागे बसणं हा आपला अपमान आहे हे तिचं मत कायम होतं, पण उभ्या गाडीत पुढे बसायला तिची हरकत नव्हती. दुपारी काका कचेरीत असताना ती काकूंकडून किल्ली मागून घ्यायची आणि त्या बाईला सुनेच्या तक्रारी सांगायची. “ऐकून घेते बिचारी,” आई म्हणायची. “मधे मधे बोलत नाही.”

दिव्यांचं निराळंच. बटण दाबलं की उजवा दिवा रुबाबात वर यायचा. डावा मात्र अर्धवट वर येऊन खाली जायचा, परत यायचा, परत जायचा. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका राहत. चार दिवस त्यांनी हे सहन केलं. पाचव्या दिवशी त्यांचं पत्र आलं. अक्षर मोत्यासारखं. ‘आपले वाहन रोज सकाळी सव्वासात वाजता, मी गॅलरीत झाडांना पाणी घालत असताना, माझ्याकडे पाहून डोळा मारते. आपल्यासारख्या सभ्य गृहस्थाकडून ही अपेक्षा नव्हती.’

काकांची कानशिलं तापली. आयुष्यभर ज्यांनी कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही, त्यांच्यावर या वयात हा आरोप! त्यांनी पत्र काकूंना वाचून दाखवलं. काकू वाटाणे सोलत होत्या. त्यांचे खांदे हलले, पण त्यांनी मान वर केली नाही.

“हसतेस तू?”

“छे हो. वाटाणा उडाला.”

तपासणीत दोन्ही दिवे चालू हवेत हे वाहन कार्यालयाच्या पत्रातच लिहिलं होतं. म्हणून काकांनी रविवारी बाह्या सरसावल्या आणि डावा दिवा स्वतः उघडायला घेतला. दिवा उघडायचा तर त्याच्या मागची तार कुठून येते ते पाहायला हवं. तार डॅशबोर्डाच्या आतून येत होती, म्हणून डॅशबोर्ड उघडला. तिथून ती दाराकडे गेल्यासारखी वाटली, म्हणून डावं दार उघडलं. दुसऱ्या रविवारी कळलं की ती तार वेगळीच होती, रेडिओची. तिसऱ्या रविवारपर्यंत गाडीतलं निघण्यासारखं सगळं निघालं होतं आणि दिवा होता तिथेच होता.

पण काका डगमगले नाहीत, कारण पसारा आवरणं ही त्यांची हयातीची विद्या. कचेरीत ते जसं करत तसंच त्यांनी इथे केलं. चपलांची रिकामी खोकी आणली, प्रत्येकावर एकेक अक्षर लिहिलं, आणि निघालेली प्रत्येक वस्तू वर्णानुक्रमे लावली. ‘क’मध्ये क्लिपा. ‘त’मध्ये तारा. ‘न’मध्ये नट. ‘ब’मध्ये बोल्ट. ‘स’मध्ये स्क्रू, झाडून सगळे, दाराचे, दिव्याचे, डॅशबोर्डाचे, सीटखालचे, एकूण दोनशे चौदा. जे काय आहे तेच कळत नव्हतं ते ‘अ’मध्ये, म्हणजे अनोळखी. ते खोकं सर्वांत जड झालं. शिवाय एक सूची करून तिला दोरा बांधला. काम पाहून त्यांना इतकं समाधान वाटलं की त्या दिवशी ते जेवताना एकदाच उठले.

सोमवारी त्यांनी रजा टाकली आणि गाडी गल्लीच्या टोकाच्या गॅरेजात ढकलत नेली. ढकलायला विमा एजंट आणि सेक्रेटरी दोघेही आले. विमा एजंटांनी एक हात गाडीला लावला आणि दुसऱ्या हाताने, आपण गुडघ्यांचा सल्ला आधीच कसा दिला होता, ते समजावून सांगितलं. सेक्रेटरी टेप घेऊन पुढे चालले. गॅरेजातला मिस्त्री म्हातारा होता, एकटाच काम करायचा, आणि त्याला बोलायचा कंटाळा होता. त्याने खोकी पाहिली, सूची पाहिली, ‘स’चं झाकण उघडलं, आणि तिथेच स्टुलावर बसला.

“हे सगळे एकत्र कुणी केले?”

“मी,” काका म्हणाले. “वर्णानुक्रमे आहे. काहीही मागा, अर्ध्या मिनिटात काढून देतो.”

“दिव्याच्या कप्प्याचे सहा स्क्रू द्या.”

काकांनी ‘स’ उघडलं. मग मिटलं. मग सूची उघडली. सूचीत ‘स्क्रू, नग २१४’ अशी स्वच्छ नोंद होती.

“साहेब,” मिस्त्री म्हणाला, “गाडी आहे ही. वाचनालय नाही. कुठली वस्तू काय आहे हे मला तीस वर्षं माहीत आहे. कुठून काढली ते सांगा.”

आणि तेवढंच काकांनी लिहून ठेवलं नव्हतं. मुदतीला नऊ दिवस उरले होते. मिस्त्री म्हणाला, अंदाजाने स्क्रू लावत बसलो तर महिना लागेल, आणि चुकीचा लांब स्क्रू गेला तर तारेतून आरपार जाईल. तुम्ही हे निवडून आणा, मग हात लावतो. काका खोकी घेऊन घरी आले आणि ती जेवणाच्या टेबलावर मांडून त्यांच्याकडे बघत बसले. संध्याकाळपर्यंत त्यांनी सात स्क्रू निवडले, आणि त्यातले चार परत टाकले. आता हे जमत नाही, गाडी जाणार, भंगारात ठोकळा होऊन जाणार, या विचाराने कारण नसताना ते आईवर खेकसले.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून परत येतात तो टेबल लख्ख. खोकी कोपऱ्यात. टेबलावर नऊ वाट्या, आणि प्रत्येकीत स्क्रू.

“माझी वर्गवारी मोडलीस?” काका दारातूनच ओरडले.

“मोडली नाही, लावली,” काकू म्हणाल्या. “जेवायला कुठे बसणार होतो आपण? हे बघा, यांना तेलकट धूळ आहे, हे पुढचे, इंजिनाजवळचे. हे खालून गंजलेत, म्हणजे जमिनीलगतचे. यांना नुसती कोरडी धूळ, म्हणजे आतले. यांना निळा रंग लागलाय, ते दाराचे. आणि हे काळे, गोल डोक्याचे, जोडीने झिजलेत, ते सीटखालचे असतील, बसून बसून.”

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला हवं? तीन रविवार खिडकीतून बघतेच आहे. डाळ निवडतो तसंच.”

काकांचा स्वाभिमान दुखावला आणि जीव भांड्यात पडला, दोन्ही एकाच वेळी. त्यांनी स्वाभिमानाला प्राधान्य देऊन ‘हूं’ एवढंच म्हटलं. पुढे चार दिवस दुपारी काकू वाट्या घेऊन गॅरेजात जात होत्या. कचेरीत काकांना शिडीवर चढलं की उतरवत नव्हतं आणि उतरलं की चढवत नव्हतं. शेवटी ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून गॅरेजात गेले, तर मिस्त्री, ज्याला बोलायचा कंटाळा, तो काकूंना क्लच कसा असतो ते फरशीवर खडूने काढून दाखवत होता.

“साहेब, या बाईंना आधी का नाही पाठवलंत?” मिस्त्री म्हणाला. काकांनी याचंही उत्तर ‘हूं’ असं दिलं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी गाडी तयार झाली. दोन्ही दिवे एकदम वर आले, एकदम खाली गेले. काका उगाचच सहा वेळा बटण दाबून बघत राहिले, शेवटी मिस्त्रीने त्यांचा हात बाजूला केला. पण दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, डाव्या दाराच्या काचेचं एक दातेरी चाक तुटलं होतं. काच वर राहीना. हाताने वर केली की तीन मिनिटांत हळूहळू दारात बुडायची. ते चाक जपानहून यायला दोन महिने. तपासणीत काच नसली तर नापास.

“डाव्या बाजूला कुणीतरी बसायचं आणि तळव्याने दाबून धरायची,” मिस्त्री म्हणाला. “आतून. बाहेरून दिसत नाही.”

आई म्हणाली, मी या वयात काच धरायला येणार नाही, पण मागे बसायला तर मुळीच येणार नाही. तेव्हा काकू आल्या. मात्र फाटकापाशी आणलेली गाडी गल्लीतून निघेना. इंजिन गुरगुरतंय, पेट्रोल पुरतंय, पण गाडी जड जड चालतेय आणि मागून जळका वास येतोय. जपानी बाई एकसारखी बोलत होती. काका घामाघूम झाले. घड्याळात पावणेतीन, आणि तपासणी केंद्राच्या खिडक्या चारला बंद.

आई फाटकापर्यंत चालत आली आणि उजव्या काचेवर टकटक केली.

“अरे, तो मधला दांडा आहे ना, तो पूर्ण खाली कर म्हणतेय ती.”

“आई, तुला काय जपानी येतं?”

“न यायला काय झालं? पाच आठवडे तिच्याजवळ बसतेय मी. दांडा वर असला की बोलते, तळाला टेकला की गप्प. तू तो अर्ध्यावर ठेवतोस. बाई सांगून सांगून दमली.”

काकांनी हँडब्रेक आणखी खाली दाबला. कट्‌ असा आवाज झाला, बाई गप्प झाली, आणि गाडी एकदम हलकी होऊन पुढे सरकली. पाच आठवडे काका ज्या बाईला नमस्कार करत होते ती त्यांना रागावत होती, हे मनाला लावून घ्यायलाही वेळ नव्हता.

केंद्रावर ते सव्वातीनला पोचले. मोठं सिमेंटचं पटांगण, पत्र्याची शेड, तीन खिडक्या. पहिल्या खिडकीवर अर्ज दोन प्रतींत, दुसऱ्या खिडकीवर शिक्का, तिसऱ्या खिडकीवर दुसऱ्या खिडकीवरच्या शिक्क्यावर सही. लोक वैतागले होते. काकांना मात्र पाच आठवड्यांत पहिल्यांदाच आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. सगळे कागद फाइलमध्ये, क्रमांक घातलेले, तिसऱ्या खिडकीवरच्या कारकुनाने तर मान वर करून पाहिलं. मग तपासणी अधिकारी आले. सडपातळ माणूस, चेहऱ्यावर काही नाही. त्यांनी इंजिनाचा नंबर ताडून पाहिला, धूर तपासला, दिवे वर-खाली करायला लावले. हॉर्न. वायपर. काच. काकू आत दोन्ही तळवे काचेला लावून, बाहेर मजेत बघतोय असा चेहरा करून बसल्या होत्या.

“ही कोण बोलतेय?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“त्या हँडब्रेकबद्दल बोलतात,” काका अदबीने म्हणाले.

अधिकाऱ्यांनी कागदावर खूण केली. “ठीक. आता ट्रॅकवर एक फेरी. चढ, वळण, ब्रेक, रिव्हर्स. लायसन्स?”

काकांनी फाइलचं शेवटचं पान उलटलं. प्लास्टिकच्या पाकिटात, बावीस वर्षांपूर्वीच्या फोटोसह, एक डाग नसलेलं लायसन्स. अधिकाऱ्यांनी ते पाहिलं, उलटं करून पाहिलं, आणि परत दिलं.

“याची मुदत संपून तीन वर्षं झाली.”

“शक्य नाही,” काका म्हणाले. मग त्यांनी तारीख वाचली. कचेरीतल्या प्रत्येकाला ‘आपले अमुक संपत आहे, कृपया नूतनीकरण करावे’ अशा चिठ्ठ्या पाठवणारा माणूस. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! लायसन्स योग्य फाइलमध्ये, योग्य अक्षराखाली, अतिशय व्यवस्थित ठेवलेलं होतं, आणि ठेवल्यापासून कुणी ते उघडलं नव्हतं. चालवायला होतं काय? ते बसने जात.

“साहेब, आज शेवटचा दिवस आहे.”

“मला माहीत आहे.”

“ती भंगारात जाईल.”

“नियम आहे.” अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. “वीस मिनिटं आहेत. लायसन्सवाला कुणी असेल तर बोलवा.”

काकांनी पटांगणभर नजर फिरवली. मिस्त्री गावाच्या दुसऱ्या टोकाला. विमा एजंटांना फोन करावा तर ते आधी स्पष्ट बोलणार आणि मग येणार. ते गाडीपाशी आले आणि डाव्या काचेजवळ वाकले.

“संपलं गं,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला. “मूर्ख आहे मी. एवढं सगळं केलंस तू, आणि मी...”

“काय झालं ते तर सांगा.”

त्यांनी सांगितलं.

“ही काच धरा,” काकू म्हणाल्या. काकांनी बाहेरून काच धरली. काकूंनी पर्स उघडली, रुमाल काढला, किराणाची यादी काढली, आणि सगळ्यांत आतल्या कप्प्यातून एक लायसन्स काढलं. मुदत अजून सहा वर्षं.

“तुझं लायसन्स?”

“लग्नाआधी काढलं होतं. तुम्हाला सांगितलं होतं मी.”

“पण ते... हे तर चालू आहे!”

“संपायला आलं की जाऊन नवं करून आणते. दर वेळी.”

“अगं पण कशासाठी? आपल्याकडे गाडी कुठे होती?”

“नव्हती,” काकू म्हणाल्या. “असू दे म्हणून.”

लग्न झाल्यापासून सत्तावीस वर्षं ही बाई काकांना न सांगता मधून मधून वाहन कार्यालयात जात होती, रांगेत उभी राहत होती, डोळे तपासून घेत होती, आणि घरी येऊन कुकर लावत होती. जिल्ह्यातला कुठलाही कागद हात घालून काढणाऱ्या माणसाला आपल्या घरातला हा एक कागद माहीत नव्हता. ते मुकाट्याने डाव्या सीटवर बसले आणि काचेला तळवे लावले.

काकूंनी सीट पुढे ओढली, आरसा फिरवला, हँडब्रेक तळापर्यंत दाबला. जपानी बाई गप्प. पहिल्या चढावर गाडी एक गचका देऊन बंद पडली तेव्हा काकांनी डोळे मिटले. “लक्ष उडवायचंय का माझं? डोळे उघडा,” काकू म्हणाल्या, आणि दुसऱ्यांदा गाडी चढ चढली. वळणं झाली. ब्रेक लागला. रिव्हर्स घेताना काकूंनी दोन पिंपांच्या मधून ते लांब नाक असं काढलं की शेडमधला कारकून दाराशी येऊन उभा राहिला. चारला पाच मिनिटं कमी असताना अधिकाऱ्यांनी अर्जावर शिक्का मारला. ‘पात्र.’

काकांना अधिकाऱ्यांचा हात हातात घ्यावासा वाटला, पण काच सोडता येत नव्हती. त्यांनी नुसती मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायलाही हात मोकळा नव्हता.

केंद्राच्या फाटकातून उजवीकडे वळलं की घर. काकूंनी डावीकडचा इंडिकेटर लावला.

“अगं, घर उजवीकडे.”

“माहीत आहे.”

“मग?”

“मग काय? मला बघायचंय.”

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. दुसरा, तिसरा. रस्ता सरळ होत गेला, इंजिनाचा आवाज खोल होत गेला. चौथा. काका बघत होते. त्यांचा हात आपोआप गिअरकडे जायला निघाला आणि काच दोन बोटं खाली गेली, तशी त्यांनी ती घाईने वर ओढली. काकूंनी क्लच दाबला, गाडी पाचव्यात टाकली, आणि गाडी जणू सुस्कारा टाकून धावू लागली.

काकांनी काच करकचून दाबली. ते त्यांचं होतं, ते पाचवं! त्यासाठी खुलासे दिले, डोळा मारल्याचा आरोप सोसला, वाचनालय म्हणून घेतलं. रागाने ते काकूंकडे वळले, तर काकू हसत होत्या. वाटाणा उडाल्यासारखं चोरून नव्हे, तोंडभर, दात दिसत होते, केस कपाळावर आले होते आणि ते मागे करायचीही त्यांना शुद्ध नव्हती. हा चेहरा काकांनी आजवर पाहिलेला नव्हता. वर्षभर ते समजून चालले होते की घरात बसवत नाही असं माणूस एकच आहे. दुसरं सत्तावीस वर्षं ओट्याशी उभं होतं. काकांना लाज वाटली आणि त्या लाजेतून इतका आनंद झाला की त्यांना ओरडावंसं वाटलं.

ओरडायचं कसं असतं ते माहीत नसल्यामुळे ते खाकरले.

“अगं,” ते म्हणाले, “मला कधी देशील चालवायला?”

काकूंनी आरशात पाहिलं, पुढचा टँकर मागे टाकला, आणि परत आपल्या लेनमध्ये आल्या.

“आधी लायसन्स काढा. मग लेखी अर्ज द्या. दोन प्रतींत.”

“मंजूर होईल ना?”

“काच सोडू नका,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला.